करदात्यांच्या पैशातून आरोग्य संशोधन: रुग्णाच्या हाती काय पडतं?

मुक्काम_पोस्ट
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण गेला आठवडाभर डोकं भणभणतंय म्हणून हा धागा.

बाबांचं डायलिसिस सुरू होऊन अडीच वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. परवा सुया लागल्या, मशीन सुरू झालं आणि एक तरुण मुलगी फाइल घेऊन कॉटपाशी आली. सरकारी निधीतून एक अभ्यास चालू आहे, त्यात बाबांना घ्यायचंय म्हणाली. नवं औषध वगैरे काही नाही. डायलिसिसच्या द्रावणात सोडियम किती ठेवायचं याच्या दोन पातळ्या आहेत आणि दोन्ही आजही सर्रास वापरात आहेत. कुठल्या पेशंटला कुठली, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. अकरा पानी संमतीपत्र हातात दिलं आणि "वाचून ठेवा, अर्ध्या तासाने येते" म्हणून गेली. बाबांचा डावा हात मशीनला अडकलेला, चष्मा घरी राहिलेला. मी चार पानं वाचून दाखवली, पाचव्याला त्यांचा डोळा लागला.

सही केली नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटलं.

आता प्रश्न, थोडा कडवट आहे. दोन्ही पातळ्या इतकी वर्षं वापरून झाल्या, तरी कुठली चांगली हे डॉक्टरांना माहीत नाही? आणि नसेल तर ते शोधायला जनतेचा पैसा घालण्यापेक्षा त्यात चार मशीन वाढवा, दोन नर्स जास्त ठेवा. बाबा घरी येतात ते गळाठून पडतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठवत नाही. पाणी घोटाघोटाने मोजून प्यायचं, जीभ टाळूला चिकटलेली. त्यावर कोणी अभ्यास करतंय का? संशोधन जर्नलमध्ये जातं, कोणाला तरी बढती मिळते, पेशंट होता तिथेच. चुकत असेन तर सांगा.

टाचणी
उत्तर चुकलंय, प्रश्न बरोबर आहे.

रिकामटेकडा
पहिला नंबर हुकला. असो, चटई टाकून बसतो. आता डॉक्टर विरुद्ध बाकी सगळे असा सामना होणार.

रात्रपाळी
रिकामटेकडा, सामना नको, मी आधीच शरण येतो. आयसीयूत काम करतो. "डॉक्टरांना माहीत नाही?" याचं उत्तर: पुष्कळदा नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, माहीत नाही हेही माहीत नसतं.

डोक्याला मार लागलेल्या पेशंटला स्टेरॉइड द्यायची पद्धत तीसेक वर्षं चालू होती. मेंदूची सूज उतरते, म्हणून द्या. तर्क अगदी चोख. अधूनमधून छोटे छोटे अभ्यास झाले, त्यातून धड काही कळेना. शेवटी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, म्हणजे सरकारी पैशातून, मोठी चाचणी केली. तिचं नाव क्रॅश. २० हजार पेशंट घ्यायचं ठरलं होतं, १०,००८ वर थांबवावी लागली. कारण दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड मिळालेल्यांत २१.१ टक्के आणि न मिळालेल्यांत १७.९ टक्के. निकाल २००४ मध्ये छापून आला.

दर शंभरात तीन माणसं जास्त. आता तीस वर्षं आणि जगभरातल्या कॅज्युअल्टी धरून गुणाकार करा. माझ्या वरिष्ठांनी तो निकाल वाचला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांनी स्वतः किती जणांना ते इंजेक्शन दिलं असेल, हे ते मोजत असावेत.

ते औषध जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं. असली चाचणी कुठल्या कंपनीने केली असती?

मुक्काम_पोस्ट
रात्रपाळी, हे वाचून अंगावर काटा आला. पण मग उलट भीती वाटते. बाबांना 'चुकीच्या' गटात टाकलं तर?

आकडेमोड
मुक्काम_पोस्ट, बाबा आत्ता कुठल्या गटात आहेत हे तुम्हाला माहीत आहे का?

चिडू नका, खरंच विचारतोय. बाबांच्या मशीनवर सोडियमची एक पातळी आजही लावलेली आहे. ती कोणी ठरवली? सेंटर सुरू झालं तेव्हाच्या डॉक्टरांनी, ते जिथे शिकले तिथल्या सवयीने. म्हणजे चिठ्ठी पडलेलीच आहे, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नाही.

चिठ्ठीची गोष्ट जुनी आहे. स्ट्रेप्टोमायसिन नवं आलं तेव्हा ब्रिटनमध्ये ते सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच. मग १०७ क्षयरुग्ण घेतले. ५५ जणांना औषध आणि पलंगावर विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोणाला काय, हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवलं होतं, म्हणजे डॉक्टरला आपल्या लाडक्या पेशंटसाठी पाकीट बदलता येऊ नये. १९४८ साली निकाल छापला. पुरवठा कमी होता म्हणून तरी निदान प्रामाणिकपणे मोजलं गेलं.

मी पोटापाण्यासाठी हीच आकडेमोड करतो. सरकारी प्रकल्पांवरच असतो, त्यामुळे माझं म्हणणं चिमूटभर संशय ठेवून वाचा.

तिरकस
चिमूटभर नाही, मूठभर संशय ठेवून वाचलं.

सरकारी पैसा म्हणजे पवित्र, असा सूर लागायच्या आत एक आठवण. अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसने टस्कीगीत १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षं एक अभ्यास चालवला. सुमारे सहाशे गरीब काळे पुरुष, त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस. त्यांना सांगितलं की तुमच्या रक्तात दोष आहे, आम्ही उपचार करतोय. पेनिसिलिन आलं, त्याने हा रोग बरा होतो हे सिद्ध झालं, तरी दिलं नाही. रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. पैसा करदात्यांचाच होता. थांबला तो वर्तमानपत्रात बातमी फुटली म्हणून.

तेव्हा मुक्काम_पोस्ट, तुम्ही सही न करता परत आलात ते उत्तम केलंत. अकरा पानं सुया लागलेल्या माणसाला वाचायला देणं हीसुद्धा एक प्रकारची फसवणूकच आहे.

अबोली
तिरकस, टस्कीगीबद्दल दुमत नाही. संमतीपत्रं, नैतिकता समित्या, हे सगळं जे आज आहे ते बरंचसं त्या पापातूनच आलंय. पण शेवटचं वाक्य जरा अति झालं. ती मुलगी बहुतेक कंत्राटी असणार, दिवसाला अमुक इतके पेशंट गाठायचे असा धोशा तिच्या मागे. मी नर्स आहे, या मुली रोज बघते. चूक तिची नाही, वेळ ठरवणाऱ्याची आहे.

आता मुख्य धाग्याबद्दल. "त्या पैशात दोन नर्स ठेवा" हे वाक्य मला आवडलं, का ते सांगायला नकोच. :) पण नर्सच्या कामावरही संशोधन होतं आणि त्याचा पेशंटला किती उपयोग होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मानेतून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत नळी घालतात ना, तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग व्हायचा तो आम्ही नशिबाचा भाग समजायचो. मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी मिळून एक प्रयोग केला, पैसा सरकारी संस्थेचा. औषध नाही, यंत्र नाही. पाच गोष्टी: हात धुवा, पेशंटला पूर्ण चादरीने झाका आणि स्वतः गाऊन-मास्क घाला, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसा, शक्यतो जांघेत नळी घालू नका, गरज संपली की काढून टाका. सगळ्यांना माहीत असलेल्या. फक्त यादी हातात घेऊन नर्स शेजारी उभी राहणार आणि डॉक्टरने एक पायरी गाळली की "थांबा" म्हणणार. एरवी १,००० नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस आत राहिली की एक नळी-दिवस) संसर्गाचं मध्यक प्रमाण, म्हणजे ओळीने लावलं तर मधोमध येणारा आकडा, २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. २००६ मध्ये छापून आलं.

आमच्याकडे ही यादी आली तेव्हा एका ज्येष्ठ सर्जनना मी पहिल्यांदा "सर, थांबा, चादर अर्धीच आहे" म्हटलं. हात थरथरत होते माझे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हात वर धरून तसेच उभे राहिले, मी दुसरी चादर उघडेपर्यंत. ती चादर उघडायला मला जो वेळ लागला तो मी जन्मात विसरणार नाही.

रिकामटेकडा
अबोलीताई, टाळ्या! सर्जनला स्टॅच्यू करणारं संशोधन. यालाच निधी द्या.

टाचणी
+१

जुनाखोड
औषध कंपनीत एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. पलीकडच्या तीरावरून चार शब्द.

कंपन्यांना सरसकट खलनायक करू नका. रेणू शोधून तो गोळीपर्यंत आणायला जो दम लागतो तो सरकारी खात्यांकडे क्वचितच असतो. मात्र रात्रपाळी यांचं खरं आहे. आमच्या बैठकीत एखादा प्रश्न आला की पहिलं विचारलं जायचं: उत्तर "हो" आलं तर विक्री किती वाढेल? "कमी औषध पुरेल का?", "हे बंद केलं तर चालेल का?" हे प्रश्न त्या टेबलावर येतच नसत. येणार कसे?

उदाहरण देतो. म्हातारपणी दृष्टिपटलात पाणी होऊन नजर जाते, त्यावर डोळ्यात द्यायची दोन इंजेक्शनं आहेत. दोन्ही मुळात एकाच कंपनीची. एक डोळ्यासाठी म्हणून आणलेलं आणि महाग, दुसरं कॅन्सरसाठी काढलेलं, तेच बारीक डोस करून डोळ्यात दिलं तर कितीतरी पटींनी स्वस्त. दोघांची समोरासमोर तुलना करण्यात कंपनीला काय रस? ती केली अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने. २०११ मध्ये निकाल आला, वर्षभरानंतर दोन्हींची नजर सारखीच.

तेव्हा मुक्काम_पोस्ट, "दोन्ही जुन्या पद्धती आहेत, मग संशोधन कशाला" असं तुम्ही म्हणता, तिथेच तर सरकारी पैसा लागतो. नव्याला वाली पुष्कळ असतात.

तिरकस
जुनाखोडकाका, हिशेबाची दुसरी बाजूही सांगा की. अमेरिकेत २०१० ते २०१६ मध्ये मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांचा माग काढला गेला. एकूण एक औषधामागे कुठेतरी एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा पैसा लागलेला होता. मूळ संशोधन जनतेच्या पैशाने, पेटंट खाजगी, आणि मग तीच जनता काउंटरवर पुन्हा पैसे मोजते. सरकारी पैशातल्या शोधांचं पेटंट घ्यायची मुभा देणाऱ्या १९८० च्या बे-डोल कायद्यात सरकारला मध्ये पडून इतरांनाही ते बनवू द्यायचा अधिकार ठेवलाय. एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधासाठी तो वापरा म्हणून अर्ज झाला, २००४ मध्ये फेटाळला. दात आहेत पण चावायचं नाही.

जुनाखोड
तिरकस, हे मान्य. त्या बाबतीत आमच्या लोकांचं वकिलीतलं कौशल्य औषधशास्त्रापेक्षा सरस होतं.

वेदा
मला थोडं वेगळं सांगायचंय. माझी जुळी एकतिसाव्या आठवड्यात झाली. कळा सुरू झाल्यावर मला स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली, बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. दोघंही आता दहावीत आहेत आणि फुप्फुसं उत्तम आहेत, आवाजावरून खात्री पटते.

नंतर कधीतरी वाचलं की या स्टेरॉइडचा उपयोग ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ मध्येच दाखवून दिला होता. लिगिन्स आधी मेंढ्यांवर काम करत होते, कोकरू वेळेआधी जन्मूनही श्वास घेतंय हे बघून त्यांना सुचलं. पण सगळीकडे सर्रास द्यायला सुरुवात व्हायला वीसेक वर्षं गेली. अमेरिकेत एनआयएचने तज्ज्ञांना बसवून "द्या" असं स्पष्ट सांगितलं ते १९९४ मध्ये. मधल्या काळात पुन्हा पुन्हा छोटे अभ्यास होत राहिले, उत्तर मिळालेलं असूनही. झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन नावाच्या संस्थेचं बोधचिन्ह म्हणजे याच अभ्यासांचा आलेख आहे. छोट्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघ एक अभ्यास.

मी ते चिन्ह पाहिलं की मधल्या वर्षांत बाळंत झालेल्या बायका आठवतात. त्यामुळे मुक्काम_पोस्ट यांचा राग मला कळतो. शोध लावायला पैसा आणि तो कॉटपर्यंत पोचवायला मात्र कोणी नाही.

रात्रपाळी
वेदाताई, अगदी. आणि पोचवणं म्हणजे परिपत्रक काढणं नव्हे. अबोलीताईंची चादर म्हणजे पोचवणं.

गुडघेदुखी
आयडीवरून कळलंच असेल. :) माझ्या गुडघ्यात दुर्बीण घालून "साफसफाई" करून घेतली. सहा महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. कोणी सांगेल का की याच्यावर सरकारी संशोधन झालंय का?

रात्रपाळी
झालंय, पण ऐकून त्रास होईल. हलकेच घ्या.

ह्यूस्टनमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात १८० जण घेतले, सगळ्यांना गुडघ्याची झीज. एका गटाची साफसफाई, दुसऱ्याचा गुडघा नुसता धुतला, तिसऱ्याला फक्त कातडीवर छेद. तिसऱ्या गटात सर्जनने सगळी हत्यारं मागितली, गुडघा हलवला, आणि धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइनचं पाणी उडवलं. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच. निकाल २००२ चा.

गुडघेदुखी
म्हणजे मला नुसतं पाणी उडवून चाललं असतं??

रिकामटेकडा
शंख करायचा, पाणी शिंपडायचं, "झालं हो" म्हणायचं. आमच्या गल्लीतला भगतही तेवढंच करतो, पण तो दोन वर्षं नोंद ठेवत नाही.

आकडेमोड
रिकामटेकडा, तुम्ही विनोदात माझ्या सगळ्या पेशाची व्याख्या सांगितलीत.

गुडघ्यावरून आठवलं. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये एक छोटा लेख आला होता. गुडघ्याच्या झिजेवर काय संशोधन झालंय आणि पेशंटना काय हवंय, याची तुलना. संशोधन बहुतांश औषधांवर. पेशंट म्हणत होते, व्यायाम, फिजिओ, शस्त्रक्रिया, आणि हे दुखणं घेऊन जगायचं कसं ते सांगा. दोघांची गाठच पडत नव्हती. पुढे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. एका टेबलाभोवती पेशंट, घरचे आणि डॉक्टर बसतात आणि त्या आजाराचे पहिले दहा अनुत्तरित प्रश्न ठरवतात. कंपन्यांना त्या टेबलाशी जागा नाही.

माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. निधी किती, हा प्रश्न दुसरा. प्रश्न कोण निवडतं, हा पहिला.

तिरकस
पेशंटला विचारून विज्ञान ठरवायचं? उद्या मतदान घेऊन रेणूची रचना ठरवा.

आकडेमोड
रेणूची रचना नाही हो. काय मोजायचं ते.

आणि इथे मी मूळ धाग्यावर परत येतो, कारण मुक्काम_पोस्ट यांचा "गळाठून पडतात" हा शब्द कोणी उचललाच नाही. डायलिसिसच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं काय मोजलं? फॉस्फरस, हिमोग्लोबिन, अमुक प्रथिन. मग अनेक देशांतले पेशंट, घरचे आणि डॉक्टर यांना घेऊन सोंग नावाचा प्रकल्प झाला (नावावर हसू नका). हिमोडायलिसिसच्या प्रत्येक चाचणीत निदान काय मोजलंच पाहिजे, अशा चार गोष्टी त्यांनी ठरवल्या: मृत्यू, हृदयविकार, रक्त काढायच्या जागेचे त्रास, आणि थकवा. चौथी पेशंटनी लावून धरली म्हणून आली.

दुसरं उदाहरण तर अगदी तुमच्या कॉटशेजारचं. द्रावण थोडं थंड ठेवलं तर रक्तदाब कोसळत नाही, हृदयाला बरं, अशी समजूत होती. बऱ्याच सेंटरांनी तापमान खाली आणलं. कॅनडात ऑन्टारियोतल्या ८४ सेंटरांनी भाग घेतला. चिठ्ठी पेशंटची नाही, अख्ख्या सेंटरची टाकली. चार वर्षं, १५ हजारांवर पेशंट. निकाल २०२२ मध्ये: हृदयविकार आणि मृत्यू यांत काही फरक नाही. एकच फरक, थंड गटातले पेशंट जास्त कुडकुडले.

मुक्काम_पोस्ट
आकडेमोड, हे वाचून दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. बाबा भर उन्हाळ्यात डायलिसिसला स्वेटर आणि लोकरी मोजे घेऊन जातात. सिस्टर म्हणतात, सगळ्यांनाच थंडी वाजते. आम्ही ते आजाराचा भाग समजत होतो.

अबोली
मुक्काम_पोस्ट, तापमान किती ठेवलंय ते विचारा. मशीनवर आकडा दिसतो. थंडीची कारणं इतरही असतात, आणि काहींना रक्तदाबासाठी मुद्दाम खाली ठेवतात, त्यामुळे स्वतः बटणाला हात लावू नका, पण विचारायला काय हरकत आहे?

तिरकस
त्या कॅनडाच्या अभ्यासात १५ हजार लोकांची लेखी संमती घेतली होती का, हेही सांगा की आकडेमोडसाहेब.

आकडेमोड
नव्हती. सेंटरमध्ये माहितीची भित्तिपत्रकं लावली होती, नको असेल त्याला बाहेर पडता येत होतं. नैतिकता समितीने तशी परवानगी दिली होती. यावर वाद आहे आणि तो असायलाच हवा.

तिरकस
म्हणजे पंधरा हजार जण कुडकुडले आणि त्यांतल्या किती जणांनी भित्तिपत्रक वाचलं देव जाणे.

आकडेमोड
सगळे नाही, थंड गटातले. आणि अभ्यास झाला नसता तर कुठल्याही भित्तिपत्रकाशिवाय जगभर कुडकुडत राहिले असते. मला हे जास्त टोचतं, तुम्हाला ते. आपण दोघंही बरोबर असू शकतो.

संपादक
वाद छान चाललाय, व्यक्तिगत होऊ देऊ नका. लस आणि होमिओपॅथीवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत, त्यासाठी वेगळा धागा काढा.

रिकामटेकडा
उडवले? मी त्यातलाच एक होतो. भापो (भावना पोचल्या).

जुनाखोड
मुक्काम_पोस्ट यांचा "मशीन वाढवा, नर्स ठेवा" हा मुद्दा मघापासून मनात घोळतोय. खाटा की संशोधन, असा झगडा क्षयाच्या बाबतीत प्रत्यक्ष झाला होता. पन्नासच्या दशकात समजूत अशी की क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच, म्हणजे क्षयाच्या खास आरोग्यधामातच, ठेवायला हवं. पुरेशी सॅनेटोरियमं बांधायची म्हटलं असतं तर कित्येक पिढ्या गेल्या असत्या. मद्रासला आयसीएमआर (आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद), जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून अभ्यास केला. १९३ रुग्ण, निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, औषध सारखंच. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही त्यामुळे वाढलं नाही. जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडण्यात या एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

सगळा पैसा खाटांवर घातला असता तर खाटा वाढल्या असत्या आणि त्यांची गरज नव्हती हे कधी कळलंच नसतं.

रात्रपाळी
काका, सुरेख. यात आणखी एक जोडतो आणि झोपायला जातो, चोवीस तास झाले. कोविडच्या पहिल्या लाटेत आम्ही काय काय दिलं ते आठवलं की लाज वाटते. कोणी सांगितलं, द्या. ब्रिटनमध्ये मात्र सरकारी निधीतून मार्च २०२० मध्येच रिकव्हरी चाचणी सुरू झाली आणि जूनच्या मध्याला उत्तर आलं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर. साठ वर्षं जुनं औषध. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा नाही, हेही तिथेच कळलं. त्याच चाचणीने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध बाद केलं, पुढे बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्माही. प्लाझ्माचं तर आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ जणांवर करून आधीच सांगितलं होतं की उपयोग नाही. तरी लोक प्लाझ्मासाठी रात्रभर फोन फिरवत होते. मीही फिरवले, माझ्या मामासाठी.

वेदा
:( रात्रपाळी, झोपा आता.

टाचणी
मुक्काम_पोस्ट, सही करणार की नाही?

अबोली
करण्याआधी एवढं विचारा. अभ्यासाचा नोंदणी क्रमांक काय? तो सार्वजनिक यादीत असायला हवा, म्हणजे निकाल गैरसोयीचा आला तरी गुपचूप गाडता येत नाही. मध्येच बाहेर पडलो तर उपचारात फरक पडेल का? त्रास झाला तर फोन कोणाला, रात्री दोन वाजता? रक्त साठवून ठेवणार असतील तर त्याची वेगळी संमती आहे का? आणि सहीची प्रत मागून घ्या, ती द्यावीच लागते. सोडियम कमी केलं तर काहींची तहान कमी होते, पण पायात गोळे येणं, बीपी उतरणं वाढू शकतं. बाबांना गोळे येत असतील तर आधीच सांगा.

तिरकस
आणि बाबांना विचारा. मघापासून आपण सगळे त्यांच्या वतीने बोलतोय.

मुक्काम_पोस्ट
उशिरा लिहितोय, माफ करा. तिरकस, तुमचं ऐकलं. पुढच्या खेपेला चष्मा नेला, आणि मशीन लावायच्या आधी अर्धा तास लवकर गेलो. बाबांनी अकराही पानं स्वतः वाचली, पेन्सिलने खुणा करत. तीस वर्षं हिशेब तपासनीस होते, सवय जात नाही. सातव्या पानावर 'आठवड्यातून तीनदा' आणि नवव्यावर 'दोनदा' अशी विसंगती काढली. ती मुलगी ओशाळली, मग दोघंही हसले.

मग त्यांनी विचारलं, "यात गळाठ्याचं कुठे आहे?" होतं. महिन्यातून एकदा थकव्याची प्रश्नावली भरायची. बाबा म्हणाले, महिन्यातून एकदा काय समजणार, घरी जाऊन आडवा झालो की तेव्हा फोन करून विचारा. ती म्हणाली, मोठ्या सरांना सांगते. सांगेल की नाही माहीत नाही, पण वहीत लिहून घेताना मी पाहिलं.

मुख्य अभ्यासाला सही केली. रक्त साठवायच्या रकान्यात 'नाही'. द्रावणाचं तापमानही विचारलं. डॉक्टरांनी बीपीचा तक्ता बघून अर्धा अंश वाढवून बघू म्हटलंय. स्वेटर चालूच आहे.

माझं मशीन आणि नर्सवालं मत पूर्ण बदललेलं नाही. आजही एका सिस्टरकडे आठ पेशंट होते.

रिकामटेकडा
आणि चिठ्ठीत काय निघालं?

मुक्काम_पोस्ट
जी आधी होती तीच पातळी. बाबा जरा हिरमुसले. एवढं वाचून काढलं आणि काही बदललंच नाही म्हणाले.

आकडेमोड
त्यांना सांगा, बदल न झालेले लोक नसतील तर बदल झालेल्यांची तुलना कोणाशी करायची? माझा नमस्कार सांगा. ते नवव्या पानाचं आमच्याकडे तिघांच्या नजरेतून सुटलं असतं.

वेदा
निकाल आला की इथे लिहा हं. धागा वर काढू.

मुक्काम_पोस्ट
तेच बाबांनी विचारलं. निकाल आम्हाला कळवणार ना? ती मुलगी गोंधळली. म्हणाली, आजवर कोणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मग बाबांनी शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात घरचा पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट.